पिल्लू अंड्यात असतानाच लस

कोंबडीच्या पिल्लाला अंड्यातून बाहेर यायच्या आधीच लस देता येते हे सांगितलं की आपल्या नागपूरकडच्या बऱ्याच पोल्ट्रीवाल्यांना अजूनही खरं वाटत नाही. अंडं उबायला २१ दिवस लागतात, त्यातल्या साधारण १८व्या दिवशी मोठ्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबवायच्या केंद्रात, अंडी सेटरमधून (उबवायची पेटी) हॅचरमध्ये (पिल्लं बाहेर पडतात ती पेटी) हलवतात, आणि तेव्हाच मशीन अंड्याच्या रुंद टोकाला बारीक भोक पाडून सुईने पिल्लाभोवतीच्या पाण्यात लस सोडते, ट्रेमधली सगळी अंडी एकदमच.

इतकी घाई काहून, तर मॅरेक्स या रोगामुळे. त्याचा हर्पीस जातीचा व्हायरस कोंबडीच्या पिसांच्या कोंड्यातून पसरतो आणि शेडच्या धुळीत महिनोन्‌महिने टिकतो, पिल्लू शेडमध्ये आलं की पहिल्या दिवसापासून तो श्वासातून आत. मग काही आठवड्यांनी चांगली भरलेली तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, एक पाय पुढे एक मागे ताणून बसते, कापून पाहिलं तर लिव्हरमध्ये गाठी, आणि यावर औषध काहीच नाही. लस अंगी लागायलाही काही दिवस जातात, म्हणून आधी मिळालेले ते दोन-तीन दिवस फार मोलाचे. टर्कीच्या हर्पीस व्हायरसची लस भ्रूणाला देऊन हे जमतं असं शर्मा आणि बर्मेस्टर या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये अमेरिकेत दाखवलं, १९९२ पासून तिथे मशीनही आल्या. मला हे काम फार मोठं वाटतं.

आपल्याकडच्या छोट्या हॅचरीला मशीन परवडत नाही हे मान्य, पण पहिल्याच दिवशी मानेच्या कातडीखाली इंजेक्शन दिलं तरी चांगलं काम होतं. फक्त ही लस बहुतेक वेळा उणे १९६ डिग्रीच्या लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवलेली असते, एकदा वितळली की तासाभरात संपवावी लागते, आणि आपल्या मे महिन्यातल्या ४५ डिग्रीत जरा हयगय झाली की टोचलेलं सगळं पाणीच.

म्हणून पिल्लं घेताना भावाआधी विचारा, मॅरेक्सची दिली का, कधी दिली. मानमोडीचे (राणीखेत रोगाचे) थेंब आपण घरी टाकतो, ती लस वेगळी, तिने मॅरेक्स थांबत नाही. आठवडी बाजारातून आणलेल्या पंधरा दिवसांच्या गावरान पिल्लांना आता टोचू का असं लोक मला विचारतात, तर भाऊ, तोवर बहुतेक उशीर झालेला असतो. आणि लस दिलेल्या कोंबडीतही व्हायरस राहतो, ती आजारी पडत नाही एवढंच, त्यामुळे शेडमध्ये अंथरलेलं जुनं तूस पूर्ण काढा, शेड धुवा, आणि नवी पिल्लं मोठ्या कोंबड्यांपासून लांब ठेवा.