एस इलेव्हन की झेड एट: आमच्या घरातली स्कॉर्पिओची भानगड

स्कॉर्पिओ घ्यायची यावर घरात कुणाचंच दुमत नव्हतं. वाद पेटला तो कोणती घ्यायची यावरून. २०२२ पासून महिंद्रा स्कॉर्पिओ नावाच्या दोन गाड्या विकते. जूनमध्ये एन आली, जिचं चॅसिस, बॉडी, सस्पेन्शन सगळंच नवं. मग ऑगस्टमध्ये क्लासिक आली. ती २००२ पासून चालत आलेल्या आपल्या ओळखीच्या गाडीचीच सुधारलेली आवृत्ती. दोन्हींत २.२ लिटरचं एमहॉक डिझेल इंजिन, दोन्ही लॅडर फ्रेमवर, म्हणजे शिडीसारख्या सांगाड्यावर, बसवलेल्या, दोन्हींना मागची चाकं ढकलतात. त्यामुळे लांबून बघणारा म्हणतो, एकच तर गाडी आहे, दोन-अडीच लाख जास्त कशाला मोजायचे? आमच्या घरात असा लांबून बघणारा म्हणजे माझा नवरा. बँकेत आहे, त्याच्या समोर कॅल्क्युलेटर असतोच.

आधी डिझेलच का, ते सांगते, कारण हल्ली हा प्रश्न सगळे विचारतात. आम्ही नागपूरचे, काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराच्या तोडणीत माझी चक्कर दर दोन-तीन दिवसांनी, एरवी आठवड्यातून एकदा तरी. माल पिकअपनं कळमन्याच्या बाजारात जातो, पण नमुन्याचे क्रेट, फवारणीचा पंप, मजुरांचे डबे, कधी एखादा मजूरसुद्धा, हे सगळं माझ्याच गाडीत. शिवाय पोरगी पुण्याला शिकते, म्हणजे समृद्धी महामार्ग आला. इतकं हायवेचं फिरणं असेल तरच डिझेलला हात लावावा, असं माझं स्पष्ट मत आहे. बीएस सिक्स डिझेलच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ असतो, काजळी अडवणारी जाळी. ती साचलेली काजळी जाळायला गाडी सलग काही वेळ वेगात, गरम राहून पळावी लागते. ज्यांची गाडी त्रिमूर्तीनगरहून धरमपेठेत भाजीला जाते आणि परत येऊन पोर्चमध्ये उभी राहते, त्यांच्या डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागणार आणि सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या सुरू होणार. अशांनी पेट्रोल घ्या, सुखी राहा.

बजेटवरून दिरानं मध्येच बोलेरो निओचं पिल्लू सोडलं. त्याचं गणित चूक नव्हतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतल्या आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्या १८ टक्क्यांत आल्या, तर स्कॉर्पिओसारख्या मोठ्या गाड्यांवरचा सेससकट पन्नास टक्क्यांचा बोजा ४० टक्क्यांवर उतरला. म्हणजे मोठ्या गाड्या स्वस्त झाल्या हे खरं, पण छोट्या अन् मोठ्या गाडीच्या करातलं अंतर अजून चांगलंच आहे. निओही लॅडर फ्रेमवाली, सात सीटांची. फक्त बागेपुरती गाडी हवी असती तर मी तिथेच थांबले असते. पुण्यापर्यंत १५०० सीसीत जायची माझी तयारी नव्हती, एवढंच.

मग कोटेशनं गोळा केली. शोरूममधला पोरगा सगळं बोलत होता माझ्या नवऱ्याशी. गाडी मी चालवणार, पैसे अर्धे माझ्या बागेचे, पण टॉर्क नवऱ्याला समजावून सांगितला जात होता. नवराही बेरकी, शांतपणे म्हणाला, "मॅडमला सांगा, मला गिअरसुद्धा नीट टाकता येत नाही."

कोटेशनं समोरासमोर ठेवल्यावर एक गोष्ट दिसली, जी जाहिरातीत कधी दिसत नाही. क्लासिक खाली आणि एन वर, असे दोन सरळ मजले नाहीतच. क्लासिकचं सगळ्यात वरचं मॉडेल, एस इलेव्हन, ज्या किमतीला जातं त्याच्याही खाली एनचं झेड फोर बसतं. म्हणजे त्याच पैशात, किंबहुना थोड्या कमी पैशात, नवी गाडी मिळते! शेजारच्या काकांनी हाच मुद्दा लावून धरला होता. पण झेड फोरच्या डिझेलमध्ये ताकद १३२ पीएस आणि टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, ३०० न्यूटन मीटर, म्हणजे एस इलेव्हनमध्ये आहेत नेमके तेवढेच. १७५ पीएसचं इंजिन झेड सिक्सपासून वर सुरू होतं, मॅन्युअलला ३७० न्यूटन मीटर आणि ऑटोमॅटिकला ४००. अन् सहा एअरबॅग हव्या असतील तर झेड एटपर्यंत चढावंच लागतं. झेड फोर म्हणजे नवं घर, पण प्लास्टर बाकी. एस इलेव्हनमध्ये क्रूझ कंट्रोल, टचस्क्रीन, अलॉय, पायदान असं सगळं सजवून मिळतं, पण एअरबॅग दोनच. म्हणून खरी तुलना एस इलेव्हन आणि झेड एटचीच होती, आणि त्यांच्यात ऑन-रोड दोन-अडीच लाखांचं अंतर.

नवऱ्यानं लगेच हप्ता काढला. दोन लाख जास्तीचे, पाच वर्षं, ९ टक्के, म्हणजे महिन्याला ४,१५० च्या आसपास. "हे पाच वर्षं दर महिन्याला कशाचे देतोय ते सांग," तो म्हणाला. रास्त प्रश्न आहे. रोड टॅक्सचंही त्यानंच लक्षात आणून दिलं. महाराष्ट्रात डिझेल गाडीला एक्स-शोरूम किंमत, म्हणजे टॅक्स-विमा धरण्याआधीची, दहा ते वीस लाखांत असेल तर १४ टक्के आणि वीसच्या वर गेलं की १५ टक्के. तो एक टक्का फक्त वरच्या पैशांवर नाही, अख्ख्या किमतीवर लागतो. १९ लाख ९० हजारांच्या गाडीला टॅक्स साधारण २ लाख ७९ हजार, आणि २० लाख १० हजारांच्या गाडीला ३ लाखांच्या वर. वीस हजारांच्या फरकासाठी तेवीस हजार टॅक्स! त्यामुळे "मॅडम, थोडेच वाढवा, झेड एट एल घ्या" हे ऐकलं की आधी एक्स-शोरूमचा आकडा बघायचा. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात, तो मात्र रिटर्न भरताना आपल्या करातून वळता होतो, त्याचा बाऊ करू नका.

पहिली फेरी एस इलेव्हनची, वाडीहून गोंडखैरीपर्यंत. सासूबाईंना सोबत नेलं होतं, कारण त्यांच्या गुडघ्यांवर बरंच काही अवलंबून. डेमो गाडीला पायदान होतं. त्यावर एक पाय, दाराच्या दांड्याला हात, आणि आई वर. बसल्यावर मोठ्या काचेतून रस्ता बघत म्हणाल्या, "येच गाडी घे वं. सारं दिसते." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. क्लासिकची उंची १९९५ मिलिमीटर, आत ताठ बसता येतं, बॉनेटची दोन्ही टोकं दिसतात. स्टिअरिंग जड आहे, पार्किंगमध्ये दंड भरून येतात, पण इंजिन खालच्या गिअरमध्ये गोड ओढतं. गावच्या रस्त्याला याहून जास्त काही लागत नाही.

एनच्या डेमो गाडीला पायदान नव्हतं. आईंनी एकदा पाय टाकून बघितला, दुसऱ्यांदा माझा खांदा धरला, आणि मग म्हणाल्या, "कायले घेऊन राहिली वं एवढी उंच गाडी?" नवरा माझ्याकडे बघून नुसता हसला. तिसऱ्या रांगेचं तर विचारूच नका. तिथे एसीची जाळीच नाही. नागपूरच्या मे महिन्यात, नवतपात, दुपारी दोन वाजता मागच्या सीटवर कुणाला बसवायचं म्हणजे वैरच. आम्ही ती सीट बहुतेक मोडूनच ठेवणार, क्रेटसाठी.

घरी आल्यावर टेप काढली. आमचं गेट साडेसात फूट, म्हणजे २२८६ मिलिमीटर. क्लासिक १८२० रुंद, एन १९१७. आरसे मिटून क्लासिक आत घेतली तर दोन्ही बाजूंना वीतभर जागा राहते, एनला वीतसुद्धा नाही. लांबीला पोर्च सोळा फूट, एन ४६६२ मिलिमीटर. गेट लागेल, पण मागचं दार बाजूला उघडणारं असल्यानं गाडी आत उभी असताना डिकी उघडणार नाही. क्रेट गेटाबाहेरच उतरवायचे. हे सगळे गुण क्लासिकच्या पारड्यात, आणि मी ते नाकारत नाही.

मग एन का? समृद्धीमुळे.

शिवमडक्याला गाडी वर चढवली की मुंबईपर्यंत ७०१ किलोमीटर ना सिग्नल, ना चौक. आपण अर्थात संभाजीनगरनंतर पुण्याकडे वळतो, पण तोपर्यंतचा रस्ता तोच. कारला १२० ची मर्यादा. त्या वेगात मी आमच्या एका नातेवाइकांची क्लासिक चालवली आहे. पळते, कुरकूर करत नाही. पण वर्ध्याच्या पुढे उघड्या माळावर आडवा वारा सुटला, किंवा लांबलचक कंटेनर ओलांडला, की ती उंच गाडी अंगावर शहारा आल्यासारखी हलते आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागतं. एन तेरा-चौदा सेंटीमीटर बुटकी आणि जवळपास दहा सेंटीमीटर रुंद. मागच्या सस्पेन्शनला वॉट्स लिंकेज आहे, ते मागचा धुरा डावी-उजवीकडे सरकू देत नाही. टेस्ट ड्राइव्हच्या वेळी हायवेवर मुद्दाम लेन बदलून बघितली. गाडी एकदा झुकली आणि लगेच बसली, मागून दुसरा झोका आला नाही. १७५ पीएसचा उपयोग मला रेस लावायला नाही. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ट्रक मागे टाकून पटकन आपल्या लेनमध्ये परत येता यावं, तेवढ्याला.

सुरक्षेच्या आकड्यांवरून भाच्यानं वाद घातला. डिसेंबर २०२२ मध्ये गाड्या आपटून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेनं एनला मोठ्यांच्या सुरक्षेत पाच स्टार दिले, मुलांच्या सुरक्षेत तीन. भाचा म्हणे, ऑस्ट्रेलियात तर शून्य मिळाले! तेही खरंच आहे, २०२३ मध्ये. तिथल्या नियमांत आपोआप ब्रेक लागणं, लेन सुटली की इशारा मिळणं यांना मोठं वजन, आणि ते तेव्हा या गाडीत नव्हतं. इथे २०२५ मध्ये झेड एट एलमध्ये एडास, म्हणजे हीच आपोआप ब्रेक-लेन सांभाळणारी यंत्रणा, आलं. मी ते सोडलं. आपल्याकडे लेनच्या पट्ट्यावरून बैलगाडी चालते, तिथे गाडीनं माझ्या वतीनं काय ठरवावं याचा मला अजून भरवसा नाही. एअरबॅग आणि ईएसपीवर, म्हणजे घसरणारी गाडी सावरणाऱ्या यंत्रणेवर, मात्र तडजोड नाही. नवऱ्याच्या "४,१५० कशाचे" या प्रश्नाला माझं उत्तर हेच होतं, आणि पोरगी त्याच रस्त्यानं आपल्यासोबत येणार आहे म्हटल्यावर त्यानं कॅल्क्युलेटर बंद केला.

फोर बाय फोरचाही मोह झाला होता, काळ्या मातीमुळे. पावसाळ्यात बागेच्या वाटेवर मागची चाकं ढकलणारी रिकामी गाडी जागेवर नाचते. पण काळ्या मातीचा चिखल टायरच्या खाचांत असा भरतो की हायवेचा टायर गुळगुळीत गोटा होतो, मग दोन चाकं फिरोत की चार. तिथे ट्रॅक्टर लागतो, आणि तो बागेत आहे. त्या पैशांची बचत केली.

आमचा वाडीचा मेकॅनिक मात्र शेवटपर्यंत क्लासिकच्या बाजूनं. "ताई, नवीनमध्ये सेन्सर लय आहेत, मी काही करू शकणार नाही, कंपनीतच जा लागन." त्याचा मुद्दा मी वॉरंटी वाढवून घेऊन मिटवला. एनच्या डिझेलला ॲडब्लू, म्हणजे धूर स्वच्छ करायचं वेगळ्या टाकीतलं द्रावण, हेही लागतं, ते संपू दिलं तर गाडी सुरू व्हायला नाही म्हणते, तेव्हा एक कॅन घरी ठेवायचा.

बुकिंगच्या वेळी कागदावर 'हँडलिंग' म्हणून काही हजार लिहिले होते. कशाचं हँडलिंग, असं विचारल्यावर पोरगा मॅनेजरकडे गेला, मॅनेजर आला, चहा आला, आणि ती ओळ पेननं खोडली गेली. इन्शुरन्स त्यांच्याकडूनच घ्यायचं बंधन नसतं, बाहेरचं कोटेशन दाखवल्यावर त्यांनीही आकडा खाली आणला. पांढरा रंग घेतला. काळा सुंदर दिसतो, पण मे महिन्यात काळ्या गाडीच्या दाराला हात लावून बघा.

पायदान आईंच्या पायाला येईल अशा उंचीवर बसवून देतो म्हणालेत, डिलिव्हरीच्या आधी त्यांना नेऊन चढवून बघणार आहे. माझी कळमेश्वरची मैत्रीण याच महिन्यात एस इलेव्हन घेतेय. तिचं घर, शेत आणि माहेर सगळं चाळीस किलोमीटरच्या आत, गेट माझ्याहून अरुंद, आणि घरात चढणारी म्हातारी माणसं दोन. तिनं मला विचारलं तेव्हा मी तिला क्लासिकच घे म्हटलं.