आयसीयूच्या दारात फादर

बेळगावात तुमचा माणूस आयसीयूत असेल आणि फादरांना बोलावून त्याला आजाऱ्यांचं पवित्र तेल (कॅथलिक चर्चचा प्रार्थनेसह होणारा विधी) लावून घ्यायचं असेल, तर चर्चचं पत्र कन्नडात किंवा इंग्रजीत लिहून घ्या. मराठीत नको. हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर माझी एक अख्खी दुपार वाचली असती.

मावशीला खानापूरहून आणलं ते अर्धांगाच्या झटक्याने. ॲम्ब्युलन्स, स्कॅन, ॲडमिशन, डिपॉझिट, सगळं भराभर झालं. फादरही फोन केल्याबरोबर स्कूटर काढून आले. अडलं ते काचेच्या दारापाशी.

"वळग बिडूदिल्ल री," गार्ड म्हणाला, म्हणजे आत सोडत नाही. पास एकच, आणि तो माझ्या गळ्यात. मी म्हटलं, माझा पास फादरांना द्या, मी बाहेर थांबते. तर पासवर नातं लिहिलेलं, 'भाची'. फादर भाची कसे होतील? यावर माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

मग चौकशीची खिडकी. तिथून वरच्या मजल्यावरचं ऑफिस. तिथला माणूस जेवायला गेलेला. तो सावकाश आला, खुर्ची पुसली आणि म्हणाला, लेटरहेडवर अर्ज पाहिजे. फादरांच्या बॅगेत लेटरहेडही होतं आणि शिक्काही. त्यांनी उभ्या उभ्या लिहून दिलं, अर्थात मराठीत. आमच्या चर्चमधली निम्मी कामं मराठीत, निम्मी कोंकणीत चालतात. साहेबांनी कागद मागून पुढून बघितला आणि परत सरकवला. "इदु नडियूदिल्ल." हे चालत नाही म्हणे. पेशंटचं नाव, वॉर्ड आणि वेळ एवढंच त्यात होतं, आणि आकडे तर सगळ्यांनाच कळतात. मी मराठी, हिंदी आणि मोडकं कन्नड मिसळून भांडले. फादर शांत बसून होते, त्याचाही मला राग आला.

कन्नड येणारा एक मुलगा शोधून पत्र लिहून घेतलं, तोवर नवीन प्रश्न तयार. आत जाऊन नक्की काय करणार? मोठ्याने ओरडणार? काही पाजणार? औषधं बंद करा म्हणणार? आता हे विचारणं अगदीच वावगं नव्हतं. 'गोळ्या फेका, विश्वास ठेवा' म्हणणारे प्रार्थनावाले आपल्याकडेही फिरतात आणि त्यांचं ऐकून इन्सुलिन सोडलेला शेजारी मी पाहिलाय. पण सरसकट सगळ्यांना त्याच माळेत ओवायचं? आरोग्यासाठीच्या प्रार्थनासभांत आरडाओरडा आणि देखावा नको, असं रोमनेच, म्हणजे व्हॅटिकननेच, २००० साली लेखी बजावलंय. फादरांनी सांगितलं की कपाळाला आणि तळहातांना थोडं तेल, छोटी प्रार्थना, पाच मिनिटं.

"तेल कसलं?"

ऑलिव्हचं. ते मिळत नसेल तर १९७२ पासून दुसरं वनस्पतीचं तेलही चालतं. पवित्र आठवड्याच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्याच्या, मिस्सात (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) बिशप ते आशीर्वादित करतात. एवढं सगळं फादरांनी त्या माणसाला सांगितलं. त्याने 'ऑइल' एवढंच लिहून घेतलं आणि इन्फेक्शनचं कोण बघणार म्हणून फाईल बाजूला ठेवली.

सुटका झाली ती आयसीयूतल्या एका नर्समुळे. ती दारातून म्हणाली, "अक्का, ऑफिसात कशाला गेलात? ड्यूटी डॉक्टरना विचारायचं की ओ." डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी त्याच कागदावर '५ मिनिटं, ग्लोव्ह्ज घालून' असं लिहून सही केली. म्हणजे वरचं ऑफिस मुळात लागतच नव्हतं! तेव्हा आधी डॉक्टर, मग बाकीचे.

आत फादरांनी बोटाऐवजी कापसाच्या बोळ्याने तेल लावलं. एरवी स्वतःच्या हातानेच लावायचं, पण तसंच गंभीर कारण असेल तर साधन वापरायला चर्चच्या कायद्यात मुभा आहे. मेणबत्ती नेऊ नका, आत ऑक्सिजन चालू असतो. मावशी शुद्धीत नव्हती. तरी हरकत नाही. शुद्धीत असताना तिने हे मागितलंच असतं, एवढं पुरतं.

एक सांगायचं राहिलं. फादरांना फोन करण्याआधी घरच्यांना सांगा. फादर दिसताच मावशीचा मुलगा जिन्यातच रडायला लागला, "आईचं संपलं काय?" आजीच्या काळी तेल अगदी शेवटच्या घटकेला लावायचे, ती धास्ती घराघरात अजून आहे. खरं तर आजार गंभीर झाला की लगेच लावून घ्यावं, माणूस बरा होऊन पुन्हा आजारी पडला तर पुन्हाही लावता येतं. हे त्याला समजावण्यात माझा अर्धा जीव गेला.

ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सात मिळणारी पवित्र भाकर, त्या दिवशी देता आला नाही, नाकातून नळी होती. वॉर्डात आणल्यावर आणि गिळता यायला लागल्यावर फादरांनी अगदी कणभर दिला, वर चमचाभर पाणी. आधी तासभर काही न खाण्याचा नियम आजाऱ्याला नाही आणि त्याची देखभाल करणाऱ्यालाही नाही, म्हणून पोटात इडली असताना मलाही मिळाला. वॉर्डात कुणी पत्र मागितलं नाही. गार्डने फादरांचं आधार कार्ड तेवढं बघितलं, ते मात्र बरोबर असू द्या.