शिंगं उकरायच्या दिवशी: नागजच्या पुढचा एक बायोडायनॅमिक द्राक्षमळा

मिरज मागे पडलं, डावीकडे दंडोबाचा डोंगर दिसला आणि मला नेहमीसारखं वडिलांच्या एम-एटी गाडीवर पुढे बसून केलेले प्रवास आठवले. तेव्हा हा रस्ता अरुंद होता आणि दोन्ही बाजूंना कुसळं होती. आता रत्नागिरी-नागपूर महामार्ग झालाय, शिरढोण कधी गेलं ते कळत नाही. कवठेमहांकाळ सोडून नागजकडे निघालं की बेदाण्याच्या शेडच्या रांगा लागतात. मार्चचा पहिला आठवडा म्हणजे हंगाम भरात. गाडीची काच खाली केली तरी गोड, किंचित आंबूस वास आत येतो.

मी चालले होते मैत्रिणीच्या चुलत सासऱ्यांच्या, म्हणजे काकांच्या मळ्यात. गावाचं आणि घराचं नाव लिहू नको, असं त्यांनी बजावलंय. नागजच्या पुढे, ढालगावच्या पवनचक्क्या दिसतात त्या अंगाला, एवढं पुरे. मैत्रीण म्हणाली होती, "शनिवारी ये, त्या दिवशी शिंगं उकरणार आहेत." मी द्राक्षाच्या घरात वाढलेली. छाटणी, पेस्टिंग, डिपिंग, विरळणी हे शब्द मला बाराखडीच्या आधी आले असतील. पण शिंगं उकरणं मी कधी ऐकलं नव्हतं.

घर बागेतच आहे. ओटा, ओट्यासमोर जांभळाचं झाड, त्याखाली चार खिलार गायी. काकूंनी पाणी दिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुमची बाग कुठं हाय?"

"होती. तासगाव तालुक्यात. काढली."

"कवा?"

"फयानच्या पुढच्या वर्षी."

त्यावर काकू काही बोलल्या नाहीत, फक्त मान हलवली. या भागात एवढं सांगितलं की पुरतं. २००९ चा नोव्हेंबर. फळछाटणी होऊन बागा फुलोऱ्यात होत्या आणि फयान वादळाचा पाऊस आला. नंतरही ढग हटले नाहीत. दावण्या, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, असा पडला की सकाळी हिरवा दिसलेला घड दोन दिवसांत तपकिरी होऊन हातात यायचा. वडील रात्री बॅटरी घेऊन औषध मारत होते. चार दिवसांत किती फवारण्या झाल्या ते त्यांनाही आठवत नाही, दुकानदाराच्या वहीत मात्र सगळं होतं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी करवतीनं खोडं कापली आणि मांडवाचे लोखंडी अँगल भंगारात घातले. त्यानंतर ते कुणाच्याही द्राक्षबागेत गेलेले नाहीत. लग्नाच्या जेवणात द्राक्षं आली तरी वाटी सरकवून ठेवतात.

काकांची बाग एकूण तीन एकर. दोन एकर माणिक चमन, त्याचा सगळा बेदाणा होतो. तिसरा एकर शिराझचा, म्हणजे वाइनच्या द्राक्षाचा. २००१ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, आमच्याच जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क जाहीर झालं आणि शेतकऱ्यांनी हौसेनं वाइनच्या जाती लावल्या. मग वाइनचा साठा पडून राहिला, खरेदी थांबली. शिराझचा मणी लहान, सालीला जाड, आत बी. बाजारात खायला कोण घेणार? बहुतेकांनी बागा काढल्या. काकांनी काढली नाही. कारण विचारलं तर म्हणाले, "टँकरनं पाणी घालून जगिवलेली बाग हाय पोरी. टेंभू योजनेचं पाणी तवा कुठं आलतं?"

आज त्यांचा माल नाशिककडचा एक छोटा वाइनवाला ठरवून घेतो, कारण असा माल त्याला दुसरीकडे मिळत नाही. असा म्हणजे बायोडायनॅमिक.

हा शब्द काका सहज उच्चारतात, जसा आपण बोर्डो (मोरचूद-चुन्याची फवारणी) उच्चारतो. याची सुरुवात १९२४ सालची. जून महिन्यात रुडॉल्फ स्टायनर यांनी कोबरविट्झ या गावी शेतकऱ्यांपुढे आठ व्याख्यानं दिली. ते गाव तेव्हा जर्मनीत होतं, आता पोलंडमध्ये आहे. कारखान्यातली नत्रखतं येऊन थोडीच वर्षं झाली होती आणि जमीन, बियाणं, जनावरं यांचा कस उतरतोय अशी तिथल्या शेतकऱ्यांची तक्रार होती. स्टायनर यांचं म्हणणं, शेत हा एक सजीव आहे. जनावर, खत, पीक, माणूस सगळं त्याच शेतातलं असावं. पुढच्याच वर्षी ते वारले, पण पद्धत राहिली. आपल्याकडे १९९३ पासून न्यूझीलंडचे पीटर प्रॉक्टर येत राहिले, शिकवत राहिले. काकांनी ज्यांच्याकडून घेतलं, त्यांनी ते अशाच शिकलेल्यांकडून घेतलेलं.

ऊन कलल्यावर आम्ही बांधाकडे गेलो. जांभळ्या रुमालानं डोकं बांधलेल्या वहिनी, दादा, दोन नातवंडं आणि काका. आश्विनात, नवरात्राच्या सुमाराला, तिथं दीड फूट खोल खड्डा घेऊन शिंगं पुरलेली. शिंग बैलाचं चालत नाही, व्यालेल्या गाईचंच लागतं. आपल्या आणि गावातल्या म्हाताऱ्या होऊन गेलेल्या गाईंची ही शिंगं. त्यात दुभत्या गाईचं ताजं शेण दाबून भरायचं, तोंड खाली करून मांडायचं म्हणजे पाणी साचत नाही, आणि थंडीचे महिने जमिनीत ठेवायचं. दादानं खुरप्यानं माती बाजूला केली. कुदळ वापरू देत नाहीत, शिंग फुटतं. पहिलं शिंग निघालं तेव्हा धाकटा नातू ओरडला, "माझं! यावर मी खूण केलीया!" खरंच, बुडाशी खिळ्यानं ओढलेली फुली होती.

काकांनी ते दगडावर हलकेच आपटलं. आतून काळसर, लोण्यासारखा गोळा हातावर आला. मी नाकाशी नेला. शेणाचा वास अजिबात नाही. वळवाचा पहिला सडा पडल्यावर येतो तसा, किंवा विहिरीच्या आतल्या पायरीवर बसल्यावर येतो तसा वास. बोटांत दाबला तर चिकटला आणि मग मऊ रव्यासारखा मोडला. एका शिंगात मात्र हिरवं, कच्चं शेण तसंच राहिलेलं. काकांनी ते वेगळं ठेवलं. "ह्यो भाग कोरडा पडला. आमची चूक, वरनं पाणी द्याचं राहिलं."

एका एकराला यातलं फक्त पंचवीस-तीस ग्रॅम लागतं. मी दोनदा विचारून घेतलं. मूठभर खत, तेरा-चौदा लिटर पाणी, एक एकर. आमच्या घरी ट्रॉल्या भरून शेणखत पडायचं. इथंही शेणखत, हिरवळीचं खत, ताग, सगळं पडतंच. शिंगातलं खत हे पोट भरायला नाही, विरजणासारखं आहे, असं वहिनींनी समजावलं. मला ही उपमा पुस्तकी भाषेपेक्षा लवकर कळली.

मग ढवळणं. विहिरीचं पाणी सकाळपासून उन्हात ठेवलेलं, कोमट झालेलं. पिंपात गोळा सोडला आणि काकांनी कोपरापर्यंत हात घालून पाणी फिरवायला सुरुवात केली. कडेनं, वेग वाढवत, मधे भोवरा पडेपर्यंत. भोवरा तळाला टेकला की एकदम उलट दिशा. पाणी खवळतं, फेस येतो, सगळं मोडतं आणि पुन्हा नवा भोवरा. असं एक तास. मधे थांबायचं नाही. यंत्र लावत नाहीत. घरातली माणसं आळीपाळीनं हात घालतात.

वीस मिनिटांनी माझी पाळी आली. सुरुवातीला पाणी जड लागलं, खांदा भरून आला. मग एक लय सापडली. बोलणं आपोआप थांबलं. पिंपाच्या पलीकडे बसून काकू गव्हाचे खडे निवडत होत्या, गाय रवंथ करत होती, आणि मला जाणवलं की बागेत बसून मी एवढा वेळ कधीच काढलेला नाही. आमच्या बागेत माणूस असायचा तो पंप पाठीवर घेऊन, पळत. काकांच्या घरातला प्रत्येक जण बागेतली कुठली ओळ आधी फुटते, कुठल्या कोपऱ्यात भुरी आधी दिसते, हे सांगू शकतो. शिंगात काय शक्ती असते ते मला ठाऊक नाही, आणि शास्त्रज्ञांत त्यावर एकमत नाही. स्वित्झर्लंडमध्ये बासेलजवळ थेर्विल इथं १९७८ पासून बायोडायनॅमिक, सेंद्रिय आणि रासायनिक शेती शेजारी-शेजारी करून मोजमाप चाललंय. पहिल्या २१ वर्षांच्या नोंदींत बायोडायनॅमिक आणि सेंद्रिय या दोन्ही पद्धतींचं उत्पादन सरासरी २० टक्के कमी आलं, पण खतं आणि ऊर्जा ३४ ते ५३ टक्के कमी लागली आणि जमिनीतलं जीवन वाढलं. त्यात शिंगाचा वाटा किती, हा वाद वेगळा. काकांचा हिशेबही जवळजवळ हाच आहे: माल कमी येतो, पण दुकानदाराची उधारी नाही.

दावण्याचं काय, हे मला विचारायचंच होतं. काका लपवत नाहीत. बोर्डो मारतात, मोजून. सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक दोन्हींत तांबं ठरावीक मर्यादेत चालतं, कारण त्याला पुरता पर्याय अजून सापडलेला नाही. "फयानसारखा पाऊस आला तर माझीबी जाईल," ते म्हणाले. "पर कर्ज घिऊन जाणार न्हाई." हे वाक्य मी वडिलांना सांगायचं ठरवलं आणि मग ठरवलं की नको.

दादाला परदेशातल्या बागांचं वेड आहे. ऑस्ट्रियात डॅन्यूबच्या काठी वाखाऊ म्हणून थंड मुलूख आहे, तिथलं निकोलाइहोफ हे घराणं १९७१ पासून या पद्धतीनं वाइन करतं, त्याचे फोटो त्यानं दाखवले. बर्फात उघड्या काड्यांची रांग. मला त्या फोटोकडे बघून आपल्या वेलीची दया आली. तिकडे वेल थंडीत गाढ झोपतो, वर्षातून एकदा छाटतात आणि तो आपला आपण वसंतात जागा होतो. आपल्याकडे त्याला झोप नाही. म्हणून एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी, आणि डोळे सारखे फुटावेत म्हणून काड्यांना रसायनाची पेस्ट. काका पेस्ट लावत नाहीत. फूट मागेपुढे होते, माल एकसारखा पिकत नाही, तोडणी तीन वेळा करावी लागते. निर्यातीच्या द्राक्षाला हे परवडणार नाही. वाइनला आणि बेदाण्याला चालतं.

दिवस कुठला घ्यायचा हे काकू बघतात. बायोडायनॅमिकच्या पंचांगात 'उतरता चंद्र' असतो. मला वाटलं वद्य पक्ष. काकूंनी माझी चूक काढली. सूर्याचं जसं उत्तरायण-दक्षिणायन, तसं चंद्राचंही, फक्त तो दोन्ही मिळून सत्तावीस दिवसांत उरकतो. मृग-आर्द्रेपासून मूळ नक्षत्रापर्यंत चंद्र रोज थोडा दक्षिणेला सरकतो, ते दिवस जमिनीच्या कामाचे. घरातल्या भिंतीवरच्या पंचांगात काकूंनी त्या तारखांना हळदीचं बोट लावून ठेवलंय.

तास भरला तेव्हा पाणी चहासारखं झालं होतं. दुपारीच शिराझला पाणी दिलेलं. प्रत्येकानं बादली आणि शिंदीचा कुंचा घेतला. ओळींतून चालत, उजवीकडे-डावीकडे, मोठमोठे थेंब जमिनीवर. पानावर नाही. शिराझचा माल आठ दिवसांपूर्वीच गेला होता, तरी मांडवात मागे राहिलेले दोन-चार घड होते. एक मणी तोडला. साल दाताखाली चरचरली, जीभ जांभळी झाली, गोडीमागून काळ्या मिरीसारखी ठिणगी आली. बाजारच्या द्राक्षाला ही चव नसते.

एका वेलीपाशी काका थांबले. खुंटाच्या कलमाची गाठ, त्यावर पिळवटून वर गेलेलं खोड, साल पट्ट्या-पट्ट्यांनी सुटलेली. वीस वर्षं उलटून गेलेला वेल. आमच्याकडे बागा त्याच्या कितीतरी आधी जातात. "दोन्ही हातांनी धर," काका म्हणाले. धरलं. बोटं पुरली नाहीत.

अंधार पडता पडता शेडमध्ये गेलो. एकावर एक जाळ्या, त्यावर घड पसरलेले. बाकीच्या शेडमध्ये पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवून काढतात, सालीवरचा मेणाचा थर सैल पडतो, बारा-पंधरा दिवसांत बेदाणा तयार आणि वर गंधकाची धुरी दिली की रंग हिरवा-पिवळा राहतो. काका काहीच करत नाहीत. महिनाभर लागतो आणि बेदाणा तपकिरी होतो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, पण सौद्यात भाव रंगाला मिळतो. तपकिरी बॉक्स उघडला की व्यापारी पुढच्या बॉक्सकडे जातो. मला याचा राग येतो. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, महिनाभर वारा खातो, आणि चव घेण्याआधीच त्याचा निकाल लागतो. काकांची गिऱ्हाइकं आता घरोघरची आहेत, पुण्या-कोल्हापुरातली, एकदा खाल्लेली.

जेवायला बाजरीची भाकरी, डाळकांदा, खर्डा. दादानं त्यांच्या शिराझची बाटली दाखवली, वाइनवाल्यानं पाठवलेली. काकांनी आयुष्यात घोट घेतलेला नाही, माळकरी आहेत. त्यांनी बाटली दिव्यासमोर धरली, रंग बघितला आणि परत फडताळात ठेवली.

रात्री उशिरा घरी पोचले. वडील जागेच होते. मी शिराझचा बेदाणा ताटलीत घातला, तो काकूंनी मुद्दाम बांधून दिला होता. त्यांनी एक उचलला, चावला, बी बोटावर काढलं.

"वाइनची जात दिसत्या."

"शिराझ. वीस वर्षांपेक्षा जुनी बाग आहे."

त्यांनी आणखी एक घेतला. बराच वेळ चघळला.

"खोड केवढं झालंय?"

मी दोन्ही हात पुढे केले आणि गोल करून दाखवलं. बोटांच्या टोकांत जेवढी फट राहिली होती, तेवढी ठेवली. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं.