लाईट गेली म्हणून कळलं

इंदापूरला माझं छोटंसं फिजिओथेरपी क्लिनिक आहे. गेल्या मे महिन्यात दुपारच्या वेळेला एक ताई मान धरून आल्या, वय 42. चेहरा ओळखीचा होता कारण आधी दोनदा येऊन गेलेल्या, एकदा कंबरेसाठी, एकदा खांद्यासाठी, दोन्ही वेळेला मी दहा सिटिंग दिले, शेक, मशीन, व्यायामाचा कागद, आणि थोडं बरं वाटल्यावर त्यांचं येणं बंद. यावेळी पण मी तेच करणार होते. मशीन लावलं आणि पाच मिनिटांत लाईट गेली.

आता बसून करायचं काय, म्हणून विचारलं, अजून कुठं दुखतं का ताई? तर म्हणाल्या, "मॅडम, कुठं दुखत नाही ते विचारा."

माझ्याकडे माणसाच्या आकृतीचा छापील कागद असतो, एक पुढून एक पाठीमागून. तो आणि लाल पेन दिलं, म्हटलं गेल्या सात दिवसांत जिथं जिथं दुखलं ते रंगवा. त्या रंगवतच राहिल्या. दोन्ही खांदे, दंड, जबडा, छाती, पाठ, मांड्या, पोटऱ्या... या तपासणीत शरीराच्या 19 जागा मोजतात, त्यांच्या 14 लाल झाल्या. किती दिवस? चार वर्षं. हात दाबून बांगड्या भरलेल्या सोसत नाहीत म्हणून तीन वर्षं कासाराकडे गेल्या नव्हत्या. बीपीचा पट्टा फुगला तरी डोळ्यात पाणी येतं म्हणाल्या. फाईल काढली तर एक्सरे, एमआरआय, थायरॉईड, आरए फॅक्टर (आमवाताची रक्ततपासणी), सगळं नॉर्मल. लोकांना नॉर्मल रिपोर्ट आला की बरं वाटतं, यांना धास्ती वाटायची, कारण घरी गेल्यावर परत तेच ऐकायचं, "बघ, काही झालेलं नाही तुला."

मला फायब्रोमायल्जियाची, म्हणजे अंगभर दुखत राहण्याच्या आजाराची शंका आली. निदान करणं माझं काम नाही, म्हणून पुण्याला संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी सगळं तपासून तेच सांगितलं. यात सांधा झिजलेला नसतो, स्नायूला सूज नसते, मेंदू आणि मज्जारज्जू वेदना वाढवून घेतात, म्हणून साधा दाब पण दुखतो आणि रिपोर्टमध्ये काही दिसत नाही. दुखणं मात्र शंभर टक्के खरं असतं.

आणि हे काही लाखात एखाद्याला होणारं नाही हो. जगभरातले अंदाज साधारण 2 ते 4 टक्क्यांचे आहेत. 2 टक्केच धरले तरी दहा हजार वस्तीत दोनशे माणसं! आमच्या जवळच भिगवणला 1996 मध्ये डॉ. अरविंद चोप्रांच्या टीमने घरोघरी जाऊन संधिवाताचा सर्व्हे सुरू केला होता, त्यात 18 टक्क्यांच्या आसपास मोठ्या माणसांना हाडं-सांधे-स्नायूंची काही ना काही तक्रार निघाली. म्हणजे दुखणारी माणसं आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत, आपण एकेक अवयव सुटा बघतो. मीही तेच केलं होतं, कंबर वेगळी, खांदा वेगळा, मान वेगळी. त्यांची दोन वर्षं माझ्या हातून वाया गेली याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या दिवशी मी झोपेचं विचारलं. सासूबाई लकव्याने अंथरुणावर होत्या, पावणेचार वर्षं ताई रात्री तीन-चार वेळा उठायच्या, कूस बदलायला, कपडे बदलायला. सासूबाई गेल्या पण झोप काही परत आली नाही. नॉर्वेत सुमारे 12 हजार बायकांवर दहा-अकरा वर्षं लक्ष ठेवलं होतं, तेव्हा ज्यांना नेहमी झोपेचा त्रास होता त्यांच्यात हा आजार तिपटीहून जास्त निघाला. वजन जास्त असलेल्यांतही धोका जास्त होता. आधीच आमवात किंवा ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) असेल, मोठा अपघात झाला असेल, ताण वर्षानुवर्षं चालू असेल तरी धोका वाढतो. बायकांमध्ये जास्त दिसतो, पण पुरुषांनाही होतो आणि त्यांचा तर बहुतेक वेळा विचारच होत नाही.

मग विचारलं, घरात अजून कुणाला? त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आईचं असंच होतं मॅडम. सारखी आडवी पडायची. आम्ही पण तिला कामचुकार म्हणायचो." आणि रडल्या. रक्ताच्या जवळच्या नात्यात हा आजार असला तर धोका आठपटीच्या आसपास वाढतो, हे मला तेव्हाही माहीत होतं, पण त्या क्षणी सांगवेना. आईला कागद रंगवायला कुणी दिलाच नव्हता, तिला खरंच हेच होतं का ते आता कळणार नाही.

लाईट आली तरी मी मशीन परत लावलं नाही. जाताना त्या म्हणाल्या, "हा कागद घरी नेऊ का? ह्यांना दाखवते."

आता पुण्याच्या डॉक्टरांचं औषध चालू आहे, आणि माझ्याकडे चालण्यापासून सुरुवात केलीये, पहिल्या आठवड्यात रोज सहा मिनिटं, काल बावीस झाली. दुखतं अजून, पण सलग पाच तास झोप लागते. परवा त्यांची धाकटी बहीण टाच दुखते म्हणून आली. मशीनच्या आधी तिला कागद दिला. तिने टाचेवर एकच टिंब काढलं. तरी मी विचारलं, रात्री झोप कशी लागते?