अठरा हजारांचा फरक

संध्याकाळी कॅश जुळवताना 18,000 कमी. फरकाला 9 ने भाग गेला की जुना कॅशिअर आधी स्लिपा चाळतो; कुठेतरी आकडे उलटसुलट झालेले असतात, नाहीतर एखादं शून्य गळलेलं. दोनदा चाळल्या. सगळं बरोबर. मग मॅनेजर मॅडमच्या केबिनमध्ये फुटेज.

नोटाबंदीत 8 नोव्हेंबर ते 30 डिसेंबर 2016 चं रेकॉर्डिंग जपून ठेवा, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आला होता. तेव्हापासून मला एक खोड लागली. शंभर नोटांचं पॅकेट देण्याआधी कॅमेऱ्यासमोर वर धरायचं. स्वतःजवळचे पैसे सकाळी रजिस्टरला लिहिले की दिवसभर खिशाकडे हात न्यायचा नाही. शर्टांचे खिसे तर मी शिवूनच टाकलेत. भाजीवालीलाही नोटा पंख्यासारख्या पसरून दाखवतो. बायको म्हणते, "इथे कोण बघतंय?"

फुटेजमध्ये 11:40. किराणा दुकानदाराला दोन हजारांचे सुटे हवेत, विसाच्या नोटांत. मी ड्रॉवरमधून पिवळं पॅकेट काढतो, वर धरतो, मान उंचावून कॅमेऱ्याकडे बघतो आणि देऊन टाकतो. पॅकेटकडे बघतच नाही. ते दोनशेचं होतं. नव्या विसाला आणि दोनशेला असे शेजारशेजारचे पिवळे रंग ज्यांनी दिले, त्यांना एक दिवस गर्दीच्या काउंटरवर बसवायला हवं. मशीनला काय, ते नुसते नग मोजतं.

मॅडमनी दुकानदाराला फोन लावला. पॅकेट अजून गल्ल्यातच होतं, पट्टीसुद्धा फोडलेली नव्हती. "आत्ता आणून देतो," म्हणाला. भला माणूस. नाहीतर 18,000 मीच भरायचे. कॅश जास्त निघाली तर बँकेची, कमी पडली तर कॅशिअरची, असा आमच्याकडचा न्याय.

मॅडम फोनवर होत्या तेवढ्या वेळात फुटेज तसंच पुढे पळत होतं. दीड वाजले. पडद्यावरच्या माझ्यासमोर गिऱ्हाईक नाही, नोटा नाहीत. मी बीपीची गोळी काढतो, चिमटीत धरून वर दाखवतो, मग तोंडात टाकतो. पाणी पितो. आणि दोन्ही रिकामे तळवे कॅमेऱ्याकडे उलटेसुलटे करतो.

यातलं काहीच मला आठवत नव्हतं.

मॅडमनी फोन ठेवला, रेकॉर्डिंग थोडं मागे घेतलं, पुन्हा पाहिलं.

"काका, हे रोज करता?"

मी म्हटलं, "मॅडम, दुकानदार येईल आता, शटर अर्धं उघडं ठेवायला सांगतो."