वाळवंटातला गोल्फ क्लब: आधी कड बघा

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडची मुलं फिनिक्स-स्कॉट्सडेलला किंवा दुबईला स्थिरावली, की कधीतरी ओळखीचा सभासद घरच्या पाहुण्यांना खाजगी क्लबात खेळायला बोलावतो. मग विचारणा होते, "भाऊ, तठे काय देखानं? क्लब खरंच चांगला आहे की नुसता महाग? आणि नाशिक-पुण्याला खेळलेल्या माणसाचा तिथं निभाव लागेल का?" तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

क्लबहाउसचा संगमरवर सोडा. हिरवळ संपून रान सुरू होतं ती कड बघा. वाळवंटी मैदानाची सगळी अक्कल त्या कडेवर दिसते, आणि ठिबकवर केळी पिकवणाऱ्या माणसाला ती वाचायला शिकवावी लागत नाही.

कडेला एवढं महत्त्व पाण्यामुळे आलं. ॲरिझोनात फिनिक्सच्या परिसरात १८ होलच्या नव्या मैदानाला साधारण ९० एकर हिरवळीच्या हिशेबानंच पाणी मिळतं. म्हणून गवत फक्त टीवर (पहिला फटका मारायच्या जागी), चेंडू पडायच्या पट्ट्यात आणि ग्रीनभोवती (ग्रीन म्हणजे होलभोवतालची बारीक कापलेली हिरवळ). मधलं सगळं रान तसंच. केअरफ्री गावच्या डेझर्ट फॉरेस्ट क्लबात मैदान आखणारे रेड लॉरेन्स यांनी १९६२ मध्ये ही पद्धत रुजवली. आखातात गोष्ट वेगळी. दुबईच्या एमिरेट्स क्लबचं मजलिस मैदान १९८८ मध्ये आलं, तेव्हा ते मध्यपूर्वेतलं पहिलं पूर्ण गवताचं स्पर्धायोग्य मैदान होतं. त्याआधी तिकडे तेल मिसळून दाबलेल्या वाळूच्या 'ब्राउन'वर पटिंग (चेंडू होलकडे ढकलणं) चाले आणि प्रत्येक जण फटक्यासाठी चटईचा तुकडा बरोबर बाळगी.

आता कड तपासायची कशी? टीवर उभं राहून समोरचं रान ओलांडायला चेंडू किती हवेत न्यावा लागतो ते मोजा. मागच्या (लांबून खेळायच्या) टीवरून १८० यार्ड असले तरी चालेल. पुढच्या टीवरूनही १२० लागत असतील, तर आखणाऱ्यानं म्हाताऱ्या आणि नवख्या खेळाडूंचा विचारच केलेला नाही. मग फेअरवेची (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याची) रुंदी: ४० यार्डांच्या पुढे असेल तर माणूस मोकळ्या हातानं मारतो, २५ वर आली की चेंडू शोधण्यातच दिवस जातो. उतार आतल्या बाजूला हवा. मधोमध पडलेला चांगला चेंडू घरंगळत निवडुंगात जात असेल, तर मैदान कितीही देखणं असो, आखणी चुकली. कापलेलं गवत, मग जरा उंच गवताचा पट्टा, मग मुरुमाची मोकळी पट्टी आणि त्यानंतर झुडपं, असा क्रम असेल तर चेंडू थांबतोही आणि दिसतोही.

तिथंच वाकून पाणी बघा. कडेच्या फवाऱ्यांनी अर्धवर्तुळात, आतल्या बाजूला पाणी टाकायचं असतं. पाणी बाहेर गेलं की रानातली झुडपं माजतात आणि चेंडू सापडत नाही. कमी पडलं की दोन फवाऱ्यांच्या मध्ये कोयरीच्या आकाराचे पिवळे डाग दिसतात, जशी लॅटरलच्या (ठिबकच्या नळीच्या) शेवटची केळीची झाडं मागं पडलेली दिसतात. सखल जागी पांढरट पापुद्रा असेल तर क्षार फुटलेत. बऱ्याच मैदानांना शुद्ध केलेलं सांडपाणी देतात, त्यात मीठ जास्त. अधूनमधून जादा पाणी सोडून ते मुळांच्या खाली ढकलावं लागतं, आणि खाली निचरा नसेल तर तेच पाणी जमीन चोपण (खारवलेली, घट्ट) करून ठेवतं. आखातात म्हणूनच खारं पाणी सोसणारं पास्पालम गवत खूप लावतात.

ग्रीनवर चेंडूची गती किती ते विचारू नका, सगळीकडे सारखी आहे का ते बघा. सरावाच्या ग्रीनवर एक आणि पहिल्या होलवर दुसरी, हे खराब देखभालीचं लक्षण. आपल्याकडे जमिनीच्या ज्या बेताच्या ओलीला वाफसा म्हणतात, तोच इथं हवा: चेंडू पडल्यावर खळगा उथळ पडावा, चिखल वर येऊ नये. खळगा दुरुस्त करताना काटा कडेला घालून माती मध्याकडे लोटा. खालून उचकटू नका, मुळं तुटतात आणि ठिपका करपतो. शेवटी पटरनं (ग्रीनवर वापरायच्या काठीनं) थापटून सपाट करा. बर्म्युडा गवताचा कल असतो, मखमलीच्या लवेसारखा. चकाकी दिसली तर गवत तुमच्यापासून दूर झुकलंय, चेंडू पळेल. गडद दिसलं तर अडेल.

खेळायला निघण्याआधी स्कोअरकार्डाची मागची बाजू वाचा. काही क्लब रानाला लाल खुणांचं दंडक्षेत्र ठरवतात. मग चेंडू जिथून आत गेला तिथून दोन क्लबच्या (खेळायच्या काठ्यांच्या) लांबीत, एका फटक्याचा दंड घेऊन टाकता येतो. तसं नसेल तर हरवलेल्या चेंडूसाठी पुन्हा टीवर जावं लागतं आणि पुढचा फटका तिसरा धरतात. म्हणून शंका आली की 'प्रोव्हिजनल' (तात्पुरता चेंडू) हा शब्द उच्चारून दुसरा चेंडू मारा. शोधायला तीनच मिनिटं. सापडला पण खेळण्याजोगा नसला तर एक दंड निमूट घ्या. दगडगोट्यांतून मारायचंच असेल तर जुनी आयर्न (लोखंडी टोकाची काठी) वापरा, नव्या क्लबवर कायमचे ओरखडे पडतात. बंकर (मुद्दाम केलेला वाळूचा खड्डा) नसलेल्या उघड्या वाळूत काठी टेकवता येते, हे पुष्कळांना माहीत नसतं. निवडुंगापासून फुकट सुटका नाही. टॉवेल स्वतःच्या अंगाला गुंडाळलेला चालतो, निवडुंगाला गुंडाळलेला चालत नाही. रॅटलस्नेक शेजारी असेल तर मात्र दंडाशिवाय सुरक्षित जागी चेंडू टाकता येतो. झुडपाखाली हात घालूच नका.

चोया नावाच्या निवडुंगाला तर लांबूनच नमस्कार. त्याची बोटाएवढी पेरं नुसत्या स्पर्शानं सुटून बुटाला, पोटरीला चिकटतात. काट्यांना उलटे बारीक दाते असतात, त्यामुळे हातानं ओढलं तर ते बोटांत रुततं. साधा कंगवा खिशात ठेवा: दाते पेराखाली सरकवा, माणसं नाहीत त्या दिशेला झटका द्या, उरलेले काटे चिमट्यानं काढा.

आता काळ, कारण चुकीच्या महिन्यात दिलेला निकाल चुकीचाच असतो. थंडीत बर्म्युडा झोपतं, म्हणून ॲरिझोनात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये ते खरवडून वर राय गवताचं बी पेरतात. मैदान दोन ते चार आठवडे बंद राहतं. उघडल्यावरही काही दिवस गोल्फची गाडी रस्त्यावरच ठेवावी लागते, जमीन ओली असते आणि चेंडू पडला तिथंच थांबतो. मेअखेर-जूनमध्ये राय मरतं, खालचं बर्म्युडा अजून उठलेलं नसतं, तेव्हा ठिगळं दिसणारच. फेब्रुवारी ते एप्रिलचं मैदान बघा. जुलैत बर्म्युडा ऐन भरात असतं, पण ऊन आपल्या भुसावळच्या मे महिन्यासारखं. पहाटेची वेळ घ्या आणि तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी प्या; कोरड्या हवेत घाम जागीच वाळतो आणि किती गेला ते कळत नाही.

बाकी कॉलरचा शर्ट घाला, मोबाइल बंद ठेवा. पुष्कळ क्लबांत रोख चालत नाही, सगळं सभासदाच्या खात्यावर लिहिलं जातं. कॅडीला (काठ्या वाहणाऱ्या मदतनिसाला) काय द्यायचं ते यजमानाला आधीच विचारून तेवढी रक्कम सुटी ठेवा, आणि निमंत्रण स्वीकारण्यापूर्वी त्यांच्याकडून यंदाच्या पेरणीची तारीख घ्या.