कवेलूंवरची पांढरी रेघ

गावठाणाच्या ड्रोन मोजणीत आम्हा मोजणीवाल्यांचं खरं काम ड्रोन यायच्या आधीच होतं. हद्दीवर चुना टाकायचा, चांगला वीतभर रुंद. झाडाखालची रेघ फुकट जाते. आणि ड्रोनला भिंत दिसत नाही, छप्पर दिसतं. एका छपराखाली दोन चुली पेटत असल्या तरी फोटोत घर एकच. हे लोकांना कुणी आधी सांगत नाही, याचा मला फार राग येतो.

भंडारा जिल्ह्यातलं धानाचं गाव. मधोमध मालगुजाराचा, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जुन्या जमीनदाराचा वाडा. सागाचे खांब, चौकटीवर कोरलेले मोर धुरानं काळे पडलेले. १८६० च्या दशकातल्या जमीन-महसुलाच्या बंदोबस्तात इंग्रजांनी मालगुजारांना गावांची मालकी दिली. १९५१ मध्ये ती गेली, तलावही सरकारजमा झाले, वाडे तेवढे मालकांकडे राहिले. वारस नागपूरला असतात. त्यांचे पुतणे आले होते.

"साहेब, सगळ्याला मिळून एकच रेघ मारा."

देवडीतून म्हातारी बाहेर आली. "ह्या दोन खोल्या आमच्या आहेत जी. माह्या सासऱ्याच्या बापानं तलावाची पाळ बांधली, तवा मालकानं देल्या."

कागद नव्हता. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला सगळा वाडा मालकाच्या नावावर. तो कराच्या आकारणीचा कागद आहे, मालकीचा नाही. पण सरपंचापासून सगळे त्यालाच सातबारा समजतात.

मी तिच्या दारापुढं चुना टाकला. मग म्हणालो, "आजी, ही रेघ वळचणीखाली येते. वरून दिसणार नाही."

तिनं वर पाहिलं आणि नातवाला हाक मारली. पोरगं चुन्याची बादली घेऊन चढलं. छपराचं कवेलू, म्हणजे कौल, फुटू नये म्हणून खालच्या वाशाचा अंदाज घेत पाऊल टाकायचं, मूठभर चुना सोडायचं, पुन्हा पाऊल. पुतणे खालून ओरडत होते. मी त्याला थांबवलं नाही. ड्रोन उडाला.

मालकीचा निर्णय चौकशी अधिकाऱ्यांचा. मी म्हातारीचा जबाब लिहून अंगठा घेतला. ऑफिसात फोटो पाहिला तर काळपट कवेलूंवर रेघ स्वच्छ दिसते, फक्त आढ्याजवळ हातभर तुटली आहे.

आता माझ्यावर तक्रार आहे, मी तिला शिकवलं म्हणून. 'वरून दिसणार नाही' एवढंच मी बोललो होतो. पण बोलताना तिनं काहीतरी करावं असं मनात होतं. ते खुलाशात लिहायचं की नाही, हे तीन दिवस झाले ठरत नाही.